शेंदराचे दोन ठिपके

मी पत्रू, कंत्राटदार गुणवंतरावांचा मुन्शी. कूप म्हणजे त्या साली तोडीला काढलेला जंगलाचा तुकडा. तिथल्या सागवानाच्या लाकडांवर हातोडीने छाप मारायची आणि ट्रकबरोबर आलापल्लीच्या डेपोपर्यंत यायचं, एवढं माझं काम. ट्रक लढाईच्या वेळचा, लिलावात घेतलेला. मालक गुणवंतराव, पण ट्रक उभा असायचा लटारूभाऊ ड्रायव्हरच्या अंगणात, मोहाच्या झाडाखाली. बिघडला की तिथेच खोलला जायचा. लटारूभाऊ लष्करात मोटारी खोलायला शिकून आले होते, त्यामुळे चांद्याहून मिस्त्री बोलवायची कधी गरजच पडत नसे. माणूस शांत, कमी बोलणारा, आणि माझ्यासारख्या तापट माणसाच्या डोक्यात जाईल इतका सावकाश.

त्यांच्या घरच्या दोन गोष्टींचा मला भयंकर राग यायचा.

पहिली म्हणजे शेंदूर. त्यांची बायको शकुबाई सापडेल त्या लोखंडाला तेलात कालवलेल्या शेंदराचा ठिपका लावायची. पान्यांना ठिपका, जॅकला ठिपका, तेल ओतायच्या झाकणाला ठिपका, गिअरच्या दांड्यालाही ठिपका. माझ्या धोतराला ते डाग लागायचे. एकदा मी चिडून विचारलं, "बाई, पान्यात मारुती येऊन बसला काय तुमच्या?" तर ती म्हणाली, "लोखंड देवच असते, मुन्शीभाऊ. त्याले बिनाशेंदराचं ठेवू नाई."

दुसरी गोष्ट तिची बडबड. दोन वर्षांपासून ती प्रत्येक खेपेला केबिनमध्ये बसायची, त्यांच्या आणि माझ्या मधोमध. कोण्या ड्रायव्हरची बायको रोज ट्रकवर जाते? आणि गप्प बसेल तर शपथ. "अजी, म्हशी आल्या उजव्या हातानं." "अजी, नाला आला, अन् कठडा पडला हाय डावीकडचा." "बैलगाडी उतरून राह्यली, थांबा जरासे." मी एकदा म्हटलं, "अहो, त्यांना डोळे आहेत ना?" ती हसली. लटारूभाऊ म्हणाले, "बोलू द्या तिले. मले झोप नाई येत त्यानं." मी कानात कापूस घालायला लागलो. तिला पोरंबाळं नव्हती, म्हणून घरात करमत नसेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

छप्पन्नच्या पावसाळ्यात ट्रक चार महिने उभा राहिला. कुपाचं काम दसऱ्यानंतर उघडायचं. भादव्याच्या शेवटी सुरू करून पाहिला तेव्हा इंजिनाच्या पुढच्या बाजूने खडखडाट यायला लागला. लटारूभाऊंनी कान लावला आणि सांगितलं, टायमिंगची साखळी सैल पडली, दात खाल्ले. इंजिनाच्या पोटात दोन दातेरी चाकं असतात, एक लहान, एक मोठं, आणि त्यांच्यावर ती साखळी. एका चाकाने पिस्टन वरखाली होतात, दुसऱ्याने झडपा उघडतात. दोघांची वेळ जुळली तर इंजिन चालतं. ही वेळ जुळावी म्हणून दोन्ही चाकांवर कारखान्यात एकेक बारीक खड्डा मारलेला असतो. ते दोन खड्डे समोरासमोर आणून साखळी चढवायची.

गुणवंतरावांनी नागपूरहून साखळी आणि दोन्ही चाकं मागवली. मग मला बोलावून घेतलं. "दसऱ्याच्या चवथ्या दिवशी तोडीची माणसं कुपात गेली पाहिजेत. सव्वीस माणसं, बाया, लेकरं. ट्रक नाई निघाला तर सिरोंच्याचा पोचू त्याचा ट्रक घेऊन यायला तयारच हाय. मग लटारूले बसू दे घरी. सांगून ठेवा त्याले."

मी सांगितलं. लटारूभाऊ "बरं" म्हणून पुन्हा इंजिनापाशी गेले. शकुबाईचा चेहरा मात्र असा उतरला की मलाच कसंतरी झालं. शेती नाही, दुसरा धंदा नाही. ट्रक गेला तर ते काय करणार होते?

सामान दसऱ्याच्या आदल्या दिवशी बसने आलं. शकुबाईने नवी चाकं पुसली, उजेडात धरून खड्डे शोधले आणि प्रत्येक खड्ड्यावर तिळाएवढा शेंदूर लावला. मी पाहत होतो, मला वाटलं पूजाच चालली आहे. दसऱ्याला आमच्याकडे लोखंडाला कामाला लावत नाहीत. कुऱ्हाड, विळा, नांगराचा फाळ, सगळं धुऊन मांडायचं आणि पुजायचं. मी माझी छापाची हातोडी घेऊन लटारूभाऊंच्याच अंगणात गेलो. पोत्यावर पाने मांडले होते, शेजारी ती चाकं. शकुबाई सोनं वाटायला शेजारी गेली होती. मी हातोडीला शेंदूर लावला, बोटाला थोडा उरला. पाहतो तर मोठ्या चाकाला तिळाएवढाच ठिपका, तोही खालच्या बाजूला गेलेला. एवढ्या महत्त्वाच्या चाकाला एवढीशी पूजा? मी वरच्या बाजूला एका दातापाशी चांगला रुपयाएवढा ठिपका दाबून लावला आणि हात जोडले. मनापासून जोडले, हे सांगतो. दोन वर्षं त्या शेंदराला नावं ठेवली आणि लावायची वेळ आली तेव्हा मीच लावला.

तिसऱ्या दिवशी सकाळी लटारूभाऊंनी चाकं बसवली. शकुबाई तळ्यावर कपडे धुवायला गेली होती, ती येईपर्यंत थांबायला ते तयार होते. मीच घाई केली. "उद्या माणसं निघायची आहेत, बायको कशाला लागते तुम्हाला पाना धरायला? मी धरतो." त्यांनी एकदा तळ्याकडे तोंड केलं, मग कामाला लागले. साखळी चढली, झाकण बसलं. रेडिएटर नंतर चढवू, आधी इंजिन बोलून पाहू, असं ठरलं. ते स्विचपाशी गेले आणि मी पुढे हँडल मारायला.

पहिल्याच फेऱ्याला हँडलने उलटा झटका दिला. मनगटातून कळ गेली आणि मी पाठीवर पडलो. कार्ब्युरेटरमधून जाळ निघाला, एवढा मोठा आवाज झाला की मोहावरचे बगळे उडाले. हात मोडला असंच मला वाटलं. मोडला नव्हता, पण माझं डोकं फिरलं.

"खोला ते झाकण," मी ओरडलो. "काय बसवलं तुम्ही?"

त्यांनी मुकाट्याने झाकण खोललं. लहान चाकाचा तिळाएवढा ठिपका नीट जागेवर होता. त्याच्या बरोब्बर समोर मोठ्या चाकावर माझा रुपयाएवढा ठिपका होता. खड्डा आणि शकुबाईचा ठिपका पार दुसरीकडे गेला होता. चूक माझी होती. पण कबूल करण्याऐवजी मी त्यांच्यावरच तुटून पडलो. अशी माझी जात.

"तो शेंदूर मी लावला, पूजेचा! पण खड्डा तर तुम्ही पाहायचा होता ना? लहान पोरालाही दिसेल तो. डोळे फुटले काय तुमचे?"

लटारूभाऊंनी हातातला पाना चाचपत पोत्यावर ठेवला.

"नाई दिसत," ते म्हणाले.

"काय नाही दिसत?"

"खड्डा नाई दिसत. पाने नाई दिसत. तुमचं तोंड नाई दिसत, पत्रूभाऊ. शेंदूर दिसते. लाल, भडक असला अन् जवळ असला तर दिसते. दोन सालं झाली."

मला त्या वाक्याचा अर्थ लागायलाच वेळ लागला. मी ट्रककडे पाहिलं. मग मला एकेक करून ऐकू यायला लागलं. म्हशी आल्या उजव्या हातानं. नाला आला. कठडा पडला हाय. बैलगाडी उतरून राह्यली. सूर्य कलला की ते ट्रक उभा करायचे आणि वाघाचं नाव सांगायचे, तेही आठवलं. दोन वर्षं, आठवड्याला चार खेपा, मागे सागाची लाकडं आणि लाकडांवर बसलेली माणसं, आणि मी खिडकीशी कानात कापूस घालून बसलेला. मी खाली मातीत बसलो. शहाण्या माणसाने त्यांना शिव्या दिल्या असत्या. मी मनगट चोळत बसलो.

तेवढ्यात शकुबाई डोक्यावर कपड्यांचं टोपलं घेऊन आली. उघडं इंजिन पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. टोपलं खाली ठेवून म्हणाली, "मुन्शीभाऊ, कोणाले सांगू नका. एकही माणूस आजवर पडला नाई."

"आजवर," मी म्हटलं.

लटारूभाऊ म्हणाले, "सांगायचं तर सांगजा. पण आधी टाईम बसवू द्या. हे काम डोळ्याचं नाईच."

आणि मी ते पाहिलं. त्यांनी साखळी उतरवली. पहिल्या प्लगच्या भोकात गवताची काडी सोडली, शकुबाईला हँडल हळू फिरवायला सांगितलं आणि दोन बोटांनी ती काडी वर येताना जोखली. पिस्टन माथ्यावर आल्यावर बाजूचं झाकण काढून झडपांवर बोटं ठेवली. मोठं चाक केसभर केसभर फिरवत राहिले. एक झडप मिटत आली आणि दुसरी उचलायला लागली, तिथे थांबले. डोळे मिटलेले होते. साखळी चढवली आणि म्हणाले, "आता पाहा तुमचे खड्डे." दोन्ही खड्डे समोरासमोर होते, सूत लावून पाहिल्यासारखे. रेडिएटर चढवून हँडल मारलं, तर अर्ध्या फेऱ्यात इंजिन लागलं आणि लागलं तेही इतकं मऊ, की मी आठ वर्षांत त्या ट्रकचा तसा आवाज ऐकला नव्हता. मला रडू आलं. एवढा मोठा कारागीर आणि एवढा मोठा गुन्हा एकाच माणसाच्या हातून घडत होता, याचं काय करावं ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं सांगून टाकायचं मी ठरवलं होतं. सव्वीस माणसं अंगणात जमली. मडकी, कोंबड्या, कुऱ्हाडी, झोळीत बांधलेली लेकरं. बुधरी नावाची पोटुशी बाई सगळ्यात वर चढून बसली. गुणवंतराव नारळ घेऊन आले, इंजिनाचा आवाज ऐकून खूश झाले आणि सगळ्यांसमोर लटारूभाऊंच्या पाठीवर थाप मारली. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. खोटं कशाला सांगू, मी केबिनमध्ये जाऊन माझ्या जागेवर बसलो.

शकुबाई मधे बसली. लटारूभाऊ स्टिअरिंगवर. मागून माणसं ओरडली, चला. इंजिन चालू होतं. पुढे सिरोंच्याचा रस्ता, त्यावर काय होतं ते मला दिसत होतं आणि तिला दिसत होतं.

लटारूभाऊ वाट पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "बोल ना."

शकुबाईने मान फिरवून मागच्या फटीतून बुधरीकडे पाहिलं. मग ती सरळ समोर पाहत बसली. ओठ घट्ट मिटलेले. दोन वर्षं जिचं तोंड बंद व्हावं म्हणून मी देवाला नवस बोललो असतो, ती बाई गप्प होती, आणि मला ते सहन होईना.

"शकू, बोल."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण तिने आवाज काढला नाही.

लटारूभाऊंनी स्टिअरिंगवरचे हात काढले. मग शेंदराचा ठिपका असलेला स्विच चाचपला आणि इंजिन बंद केलं. खाली उतरून गुणवंतरावांच्या आवाजाच्या दिशेने गेले आणि म्हणाले, "पोचूले बोलवा, मालक. मले दिसत नाई."