दिघोरीपुढचं वळण

नकाशावर बोट ठेवण्याआधी सर ते बोट सदऱ्याला पुसायचे. मग म्हणायचे, "सरळ रस्ता आळश्यासाठी असते, जी. सायकलवाल्यानं वळावं."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. स्वतः निवृत्त होतात आणि जगाला कामाला लावतात. सर भंडाऱ्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवायचे. आम्ही काही मित्र रविवारी सायकली काढायचो, खरं तर पोहे खायला. सरांनी आमची पलटण केली. त्यांच्या डोक्यात दोन दिवसांचा एक फेरा होता. मोहाडी, आंधळगाव, गायमुखचे डोंगर, आंबागडचा चढ, साकोलीला मुक्काम, मग दिघोरीवरून जुनी पवनी आणि घर. चहाच्या टपरीवर नकाशा पसरून ते हा फेरा लग्नाच्या याद्या कराव्यात तसा ठरवत बसायचे.

पलटणीतला सर्वांत महागडा शिपाई मी. सायकल गिअरवाली, हेल्मेट परदेशी, ढेरी तेवढी स्वदेशी. सरावासाठी आंबागडला गेलो तेव्हा अर्ध्या चढावर मी खाली उतरलो. मागून सर आले.

"काहून उतरला, गड्या?"

"किल्ला पाहून राहिलो, सर."

"किल्ला तिकडं आहे. तू पाहून राहिला ते म्हशीचं गोठान होय."

पवनीचं नाव निघालं की मात्र सर थट्टा विसरत. "दोन हजार वर्षांआधी इथं स्तूप होते. भिक्खू राहत होते. जगात कुठंही सांगा छाती ठोकून, हे आपलं आहे." बोलताना त्यांचा आवाज भरून यायचा. आम्ही चहा थांबवून ऐकायचो.

फक्त दिघोरीच्या पुढं त्यांचं बोट अडखळायचं. चांगला डांबरी रस्ता सोडून ते कालव्याच्या कडेनं, गिट्टी-मुरमातून फिरायचं आणि बरंच पुढं जाऊन डांबरीला लागायचं. औषधाच्या दुकानवाल्या आमच्या मित्रानं एकदा विचारलंच, "सर, हा वळसा कायले?"

"डांबरीवर लोक धान वाळवतात. चाक घसरते."

धान तर सगळ्या जिल्ह्यात रस्त्यावर वाळतं. पण खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. त्या डांबरी रस्त्यावरच्या गावात सरांची मुलगी राहायची. तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं होतं. जावई शिक्षक, निर्व्यसनी, हसतमुख आणि बौद्ध. त्या दिवसापासून सरांनी तिच्याशी बोलणं टाकलं. स्तूप आपले, जावई नाही.

फेऱ्याची तारीख दिवाळीनंतरची ठरली. आमच्याकडं तेव्हा गावोगावी मंडई भरते, भाजीची नव्हे, जत्रेसारखी. लेकी, जावई, सोयरे जमतात, आणि त्या दिवशी दारावरून कोणी उपाशी जाऊ शकत नाही. नेमकी फेऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सरांच्या लेकीच्या गावची मंडई होती. सरांना ते ठाऊक नव्हतं. आमंत्रण येत असतं, तर ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशी दिघोरी सुटली आणि सपाट रस्ता पाहून माझ्यातला वीर जागा झाला. आयुष्यात पहिल्यांदा मी सगळ्यांच्या पुढं होतो. कालव्याचं वळण कधी मागं पडलं, ते मला कळलंच नाही. पलटण बिचारी माझ्या मागं. सर सर्वांत शेवटी, ओरडत. मी समजलो, शाबासकी देऊन राहिले.

गावात शिरताच लोकांनी आम्हाला अडवलं. "असे कसे जाता? मंडई आहे न आमची!" एका घराच्या ओसरीवर आम्हाला बसवलं. निळं फाटक, दारात तुळतुळीत सारवण. ताट घेऊन घरची बाई बाहेर आली आणि तिचा चेहरा पाहून मी उचललेला वडा परत ताटात ठेवला. नाक हुबेहूब सरांचं.

सर रस्त्यावरच सायकल धरून उभे होते. ती पाण्याचा गडवा घेऊन त्यांच्याकडं गेली.

"पाणी घ्या, सर."

ती त्यांच्याच वर्गात शिकली होती. शाळेत 'सर' आणि घरी 'बाबा', हा नियम त्यांनीच घातलेला. आता ती घराच्या फाटकाशी उभी राहून 'सर' म्हणत होती.

"आताच पेलो," सर म्हणाले. ओठ कोरडे होते.

"बरं. सावकाश जा. पुढं रस्ता खराब आहे."

सर सायकलवर बसले आणि निघून गेले. पवनीत ते स्तूपाच्या टेकडीवर सापडले. कुठल्याशा अनोळखी पाहुण्यांना सांगत होते, "छाती ठोकून सांगा, हे आपलं आहे." आवाज तसाच भरलेला. त्या दिवशी पहिल्यांदा मला तो ऐकवला नाही. मी दूर जाऊन चेनला तेल घालत बसलो. चेनला तेलाची गरज नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात सर गेले. छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. मुलानं सगळं उरकलं. आम्ही स्मशानात गेलो, तेरवीला जेवलो. ती दिसली नाही. आम्ही समजलो, रागानं आली नसेल.

यंदा मंडईला आम्ही पुन्हा निघालो, डांबरी रस्त्यानं. तिनंच लांबून हात केला. ओसरीवर बसवलं, एकेकाला पाणी दिलं आणि रस्त्याकडं पाहत हसून म्हणाली, "सर नाही आले? अजून रुसूनच आहेत का?"

तिला कोणी कळवलंच नव्हतं. भावानं नाही, आणि भावानं कळवलं असेल म्हणून आम्हीही नाही. पलटणीत बडबड्या मी एकटा, म्हणून सगळे माझ्याकडं पाहू लागले. मी काय बोललो ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की तिनं हातातला गडवा ओसरीच्या कडेला ठेवला.

"कधी?" तिनं विचारलं.

"आषाढात. पाऊस लागून होता तेव्हा."

"धानाचा रोवणा चालू होता आमचा," ती म्हणाली. "रोज बांधीत, चिखलात होतो आम्ही. बाया रोवता रोवता गाणे म्हणत." मग पदरानं हात पुसत, अगदी हळू, "मी पण म्हटले असतीन त्या दिवशी, गाणे."