आमच्या गॅरेजात कोणाला लागतच नसे!

आम्ही जुने गॅरेजवाले भेटलो की हालहवाल विचारायच्या आधी एकमेकांचे हात पाहतो. कोणाचं बोट आखूड, कोणाचं नखच गायब! मग विषय निघतो, चहा गार होतो आणि किस्से काही संपत नाहीत. मी भंडाऱ्याजवळच्या शहापूरला, हायवेवरच्या ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजात होतो. आणीबाणी नुकतीच उठली होती. आमच्या शेठचं एकच पालुपद, "आपल्या गॅरेजात कोनाले लागत नाही!" लागायचं रोज. शेठला दिसायचं नाही, एवढंच.

*

आमचा हेल्पर भिवा चार्जिंगवरची बॅटरी उचलत होता. हात सुटला आणि ॲसिड पायावर. भिवा बोंबलला. शेठ गल्ला सोडून धावत आला, खाली वाकला आणि म्हणाला, "बॅटरी त नाही ना फुटली बे?"

भिवा कण्हत म्हणाला, "नाही जी शेठ, पाय मंधात घातला मनून वाचली!"

*

वेल्डर शामरावची वेल्डिंगची काच फुटली. रोज संध्याकाळी डोळ्यांत मिरची गेल्यासारखी आग. बायको बटाट्याच्या चकत्या ठेवून द्यायची. त्यानं नवी काच मागितली, तर शेठ म्हणतो, "कायले पायजे काच? डोळे मिटून मार ना!"

शामराव आज्ञाधारक माणूस. त्याच आठवड्यात एक शेतकरी आमच्याकडून दुरुस्त करून नेलेल्या ट्रॉलीतून धान घेऊन मंडईत गेला, तर मागचा फाळका उघडेचना! पुरा जाम वेल्डिंग केलेला. तो तणतणत गॅरेजात आला.

"शेठले विचारा जी," शामराव म्हणाला, "त्यायनंच सांगतलं, डोळे मिटून मार!"

काच दुसऱ्या दिवशी आली.

*

एकदा सरकारी साहेब पाहणीला आले. भिंतीवर प्रथमोपचाराची पेटी, तिला कुलूप. साहेबांनी उघडायला लावली. आत शेठचा अडकित्ता आणि सुपारी!

"मलमपट्टी कुठं आहे?"

"कोनाले लागतच नाही साहेब, त मलम कायले?"

*

आता गणपतचं. हे सांगताना मला अजून संताप येतो.

गणपत मिस्त्री पवनीचा, आमच्यात सगळ्यात जुना. झिजलेला जॅक बदला म्हणून तोच शेठच्या मागं लागला होता. शेवटी ट्रकखाली असताना जॅक सरकला आणि त्याचा उजवा हात चेंगरला. दवाखान्याच्या वाटेवर शेठनं त्याला पढवलं, "घरी लाकडं फोडताना कुऱ्हाड लागली मनून सांग." गणपतनं मुकाट्यानं तेच सांगितलं.

डॉक्टर जखम पुसत म्हणाले, "पवनीकडं कुऱ्हाडीला ग्रीस लावतात वाटतं!"

तीन बोटं गेली. शेठनं गणपतला कामावरून काढलं, भरपाईचं नाव नाही. बायको बिड्या वळायची, त्यावर घर. बिडी कामगारांच्या एका पुढाऱ्यानं शेठला कायदा सांगून पाहिला.

शेठ हसला, "कायदा मुंबईले रायते, इथं मी रायतो!"

*

मग त्याच पुढाऱ्यानं प्रकरण भंडाऱ्याला, कामगार खात्याच्या साहेबांसमोर नेलं. मी आणि भिवा साक्षीला गेलो, तर शेठचा वकील म्हणाला, हे दोघंही तिथं कामाला नाहीत! आमची हजेरी कधी लिहिलीच नव्हती, दाखवणार काय?

शेठ हात जोडून म्हणाला, "साहेब, या मानसाले मी वयखत नाही. नावबी ठाऊक नाही. हायवे आहे, कितीक येतात, कितीक जातात."

साहेबांनी गणपतकडं पाहिलं, पुरावा मागितला. गणपतनं हात पुढं केला. बोटं कुठं गेली ते हातावर थोडंच लिहिलं असतं! आम्ही तोंड पाडून बाहेर आलो.

शेठ ऐटीत आपल्या ॲम्बेसेडरमध्ये बसला. गाडी चालू होईना. साहेब व्हरांड्यात पाणी पीत उभे होते. शेठनं खिडकीतून डोकं काढलं आणि नेहमीसारखा ओरडला, "गणपत! काय पाहून रायला बे? लाव धक्का!"

आणि गणपत गेला हो! बोटं गेलेला हात छातीशी धरून, डावा खांदा लावून गाडी ढकलू लागला.

साहेबांनी पेला ठेवला, पायऱ्या उतरून खिडकीपाशी आले आणि अगदी अदबीनं म्हणाले, "शेठजी, या माणसाचं नाव काय म्हणालात?"