पाच पिनांचं कुलूप

माझे मामा लोकांची कुलपं उघडत. लोकांनी बोलावल्यावरच, गैरसमज नको. तारेची आकडी आत सारायची, डोळे मिटायचे आणि बोटांनी ऐकायचं. आत पाच पिना, प्रत्येकीची लांबी वेगळी. एकेक जागेवर गेली की बोटाला बारीकशी टिचकी लागते म्हणे. मला कधी लागली नाही. "तुझी बोटं नुसती जेवायला दिलीत," मामा म्हणत.

मग त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. बारावीला जीवशास्त्रात कसाबसा सुटलेलो, म्हणून दवाखान्यात मला नेलं. डॉक्टरबाईंनी समजावलं: पेशीच्या आत प्रथिनांचे धागे असतात. टोकाला कण जोडत वाढतात, मधूनच भसकन आखडतात. पेशीचे दोन भाग होताना हेच धागे चाचपडत जाऊन गुणसूत्रं धरतात आणि आखडत आखडत दोन्हीकडे ओढून नेतात. औषध त्यांना आखडूच देत नाही. पेशी अर्ध्यात अडकते, मरते.

"पण बोटांच्या नसांतही तेच धागे आहेत. मालाची ने-आण त्यांच्यावरूनच चालते. बोटं बधिर होतील. कदाचित कायमची."

मामा म्हणाले, "ज्याची लांबी घडीघडीला बदलते, त्याला किल्ली करणार कोण? म्हणून सरळ जाम करायचं. कळलं."

घरी आल्यावर त्यांनी सरावाचं जुनं कुलूप काढलं आणि मामीला बजावलं, "प्रत्येक डोसच्या आधी हे उघडणार. ज्या दिवशी उघडणार नाही, त्या दिवशी औषध बंद. बोटं गेल्यावर घरात बसून काय माशा मारू?"

"माशा मारायलाही बोटं लागतात," मामी म्हणाली.

सुरुवातीला कुलूप उघडलं. मग वेळ लागू लागला. मग मामांना शर्टाची बटणं लावता येईनात, मामी लावायची. पुढच्या डोसच्या सकाळी ते कुलूप घेऊन बसले. आकडी उलटी धरली होती आणि त्यांना ते कळलं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

कुलूप पटकन उघडलं.

मामांनी ते कानाशी नेऊन हलवलं.

"किती पिना काढल्यास?"

मामीचा केर काढणारा हात थांबला नाही. "चार. पाचवी निघेना मेली."

मामा हसले, हसताना खोकले, मग बराच वेळ तळहाताकडे बघत बसले. शेवटी छाती पुढे करून म्हणाले, "बटणं लाव. उशीर होतोय."

निघताना मामीने दाराला कुलूप घातलं. मामांनी सवयीने ते ओढून पाहिलं, पुन्हा ओढलं.

"लागलं ना गं?" त्यांनी विचारलं.