माझ्याच नावाची घंटा

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. बरं, राहू द्या, हसणारच तुम्ही. निदान हातातला चहा तरी संपवा, उगाच ठसका लागायचा.

तर आमचं चर्च. संभाजीनगरातून शेंद्र्याकडं निघालं की रस्त्याच्या कडेलाच लागतं. आधी पत्र्याचं होतं. पावसात पाळकसाहेबांचा उपदेश त्यांच्या ओठांवरून ओळखावा लागायचा. शेवटी मंडळीनं ठरवलं, पक्कं बांधायचं, आणि जमेल तेवढं आपल्याच हातांनी. कुणी गवंडी, कुणी वायरमन, कुणी नुसतंच घमेली उचलणारं. बायका रोज संध्याकाळी भिंतींना पाणी मारायच्या. मी कारखान्यात मेंटेनन्सला होतो, आता रिटायर, म्हणून देखरेख माझ्याकडं. म्हणजे कुणी दिली नव्हती, मीच घेतली.

आणि देखरेख म्हणजे काय? मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहाटेपासून माझे मेसेज. 'वाळू चाळायची राहिली.' 'दाराचा रंग ओघळलाय.' 'आपली आळशी तरुण मंडळी कुठं आहे?' आमची रूथ म्हणायची, "अहो, देवानंसुद्धा सातव्या दिवशी विसावा घेतला. लोकांना घेऊ द्या की जरा." पण बायकोचं ऐकलं तर तो याकोब कसला?

रविवारी नव्या चर्चचा अर्पणविधी, आणि शनिवारी सकाळी तिथं मी एकटा. फरशी धुवायची होती, रंगाचे डाग खरवडायचे होते, बाकं लावायची होती. पाळकसाहेबांनी सगळ्यांना संध्याकाळी बोलावलं होतं हे खरं, पण उद्या पाहुणे येणार आणि फरशीवर हे डाग! माझा जीव खालीवर होत होता. मी ग्रुपवर लिहिलं, 'या चर्चची काळजी एकाच माणसाला आहे. त्यातच तो मरणार.' फोन रागारागानं खिडकीत ठेवला आणि शिडी चढून मनोऱ्यात गेलो.

घंटा आदल्या दिवशी पोरांनी वर चढवली होती. पत्र्याच्या चर्चमधलीच, जुनी. रूथनं चिंच लावून घासली होती, सोन्यासारखी दिसत होती. आतला लोलक तेवढा बसवायचा होता. बसवला. दोर ओढला. टण्ण… कान लावून नाद पार विरेपर्यंत ऐकला. नट जरा कसला. पुन्हा ओढला. टण्ण… पुन्हा ऐकला. मशीन असंच तपासतात, बरं का.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. उपासनेची घंटा आमच्याकडं भराभर वाजते. आणि मंडळीतलं कुणी गेलं, तर वाजते एकेक टोल, सावकाश, मध्ये बराच वेळ थांबून. लहानपणापासून ठाऊक आहे मला. पण त्या वेळी माझं डोकं होतं नटात!

खाली काय झालं असेल? वस्तीत घंटा ऐकू गेली. ग्रुपवर सगळे विचारायला लागले, 'कोण गेलं?' अशा वेळी पहिलं उत्तर माझं असतं. आज उत्तर नाही. मला फोन केले, उचलले नाहीत. पहाटेपासून बडबडणारा माणूस एकदम गप्प, आणि त्याचा शेवटचा मेसेज काय, तर 'त्यातच तो मरणार.' त्यात मला ब्लडप्रेशर. आमच्या मार्थाबाईंनी दोन आणि दोन चार केले आणि लिहून टाकलं, 'याकोबमामा प्रभुघरी गेले.'

मी वरून बघतोय, तर माणसं धावत येतायत. म्हटलं, बघा, मेसेज कसा झोंबला! खुशीत अजून दोन टोल दिले.

मागच्या शिडीनं उतरून, हातात पाना घेऊन, पुढं आलो. चर्चसमोर ही गर्दी. मार्थाबाई पदर तोंडाला लावून रडतायत. समोरच्या बौद्ध वस्तीतले, चहाची टपरी चालवणारे भीमराव हार घेऊन उभे. मी मागून त्यांना विचारलं, "कोण गेलं हो?"

ते वळलेसुद्धा नाहीत. "याकोबमामा गेले ना बाबा."

"कोणते याकोबमामा?"

"अहो, ते वरडनारे," असं म्हणत त्यांनी मान वळवली, आणि हार खाली पडला.

मग जे झालं ते विचारू नका. मार्थाबाई किंचाळल्या. पाळकसाहेबांनी मला दंडाला धरून दाबून बघितलं. तेवढ्यात दोन बायका रूथला धरून घेऊन आल्या. तिनं मला पाहिलं आणि तिथंच पायरीवर बसली. रडायलाच लागली. हसू नका, तेव्हा मला स्वतःची खरोखर लाज वाटली. शेजारी बसलो, तर तिनं माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि लांब फेकला.

सगळा घोळ कळल्यावर पाळकसाहेब हसायला लागले, मग सगळेच. वाटलं, आता शिव्या घालत घरी जातील. तर भीमराव म्हणाले, "मामा नाय मेले, पन आपन आलोच हावोत तर फरशी धुऊन टाकू की. टपरी तशीबी बंद करूनच आलोय."

बायकांनी पदर खोचले. कुणी शिफ्ट सोडून आलं होतं, कुणी तव्यावरची भाकरी उतरवून. माझी बहीण पैठणहून एसटीनं रडत आली, तिच्या हातात लगेच खराटा दिला. दुपारी चर्च असं लखलखत होतं की चप्पल घालून आत जायला जीव धजेना. एका घंटेवर एवढी माणसं! वरडणाऱ्या माणसासाठी आली होती हो. अशी मंडळी कुणाला मिळते? मला मिळाली.

सगळं आवरत आलं, तेव्हा घामानं भिजलेली तीन पोरं फाटकातून आत आली, खांद्यावर टिकाव-फावडी. मला बघून जागच्या जागी थिजली.

"मामा, तुमी जित्ते हाव?"

"आहे. तुम्ही कुठं होता रे?"

"कब्रस्तानात. घंटा ऐकली, ग्रुपवर तुमचं नाव वाचलं अन् तसंच तिकडं गेलो, तुमची कबर खनायला. मुरूम लई कडक हाय मामा. कंबरंपतूर झाली."

याच पोरांना मी रोज ग्रुपवर आळशी म्हणत होतो. कुणी सांगितलं नव्हतं, उन्हात आपणहून गेली, हाताला फोड येईतो खणत राहिली. छाती अभिमानानं फुगली माझी. तिघांना मिठी मारावी, शाबासकी द्यावी असं मनात आलं.

पण तोंडातून काय बाहेर पडलं? "एवढ्या वेळात कंबरेपर्यंतच? मी तिथं असतो तर पूर्ण झाली असती."

रूथ बाक पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही तिथं असता, तर आत असता."