विश्वासदादाची न बिघडणारी मशीनं

नाणं टाकून काचेच्या पेटीतलं कापडी अस्वल लोखंडी पंजाने उचलायचं, ती खेळाची मशीनं माझा थोरला भाऊ विश्वासदादा दुकानांतून मांडायचा. नवं मशीन बाहेर पडण्याआधी त्याच्या पंजाला तो अर्ध्या किलोचं वजन अडकवायचा आणि समोर स्टूल टाकून बसायचा.

"खेळणं तर हलकं असतं," मी म्हणायचे.

"खेळणं हलकं असतं गं. हरलेलं पोर हलकं नसतं. ते बटणावर बुक्की मारतं, पेटीला लाथ मारतं. लाथ गृहीत धरूनच बनवायचं."

जामबाग मोहल्ल्यातल्या आमच्या घरात पिढीजात वकिली. दादानेही सनद घेतली, थोडे दिवस कोर्टात गेला आणि कंटाळून या धंद्यात पडला. मामा आले की विचारायचे, "काय वकीलसाहेब, आज किती अस्वलं जामिनावर सुटली?"

"एक सुटलं, मामा. बाकीच्यांना तारीख पडली."

विकत आणलेल्या मशीनची दोरी लवकर विरते, प्लॅस्टिकची दातेरी चाकं झिजतात. दादा पितळी चाकं करवून घ्यायचा, दोरीच्या जागी पोलादी तार ओवायचा. मग पेटीला कान लावून ऐकत राहायचा.

जिना चढताना तो छाती धरून थांबू लागला, तेव्हा मी त्याला कोठी भागातल्या डॉक्टरांकडे नेलं. अँजिओग्राफी ताबडतोब करा, असं ते म्हणाले.

"हौ, करू की. पोरांच्या सुट्ट्या संपू द्या. बंद मशीन बघून हिरमुसतात."

घरी मी भांडले. तो हसला. "कायकू घाबरतेस? तार तुटायच्या आधी कुरकुरते. मी पण कुरकुरेन."

तो महिनाभर कुरकुरतच होता. शाळा उघडण्याआधी एका सकाळी, दाढी करता करता गेला.

मशीनं आबिड्सच्या खलीलभाईंनी आपल्या दुकानासाठी घेतली. काही अडलं तर सांगा, असं मी त्यांना बजावलं होतं. फोन आला नाही, म्हणून मीच केला.

"आपा, एक बी नै बिगड्या," ते म्हणाले. "भाई क्या चीज बनाके गए."

दोन वर्षं झाली. माणसं आता दादाचं नाव काढत नाहीत. गेलेल्या माणसाचं नाव काढायला काही निमित्त लागतं. एखादी तार तुटली असती, तर कुणीतरी दारात येऊन विचारलं असतं, विश्वासभाई हैं क्या? नाहीत, असं मी सांगितलं असतं. त्याच्याविषयी तेवढं तरी बोलणं झालं असतं.

मशीनं चालूच आहेत.