घोड्याला भिणाऱ्या काकांची घोड्यावरची गाणी

घोड्याला घाबरून आयुष्यभर चार हात लांब राहिलेला आणि तरीही घोड्यावर बेचाळीस गाणी लिहिलेला माणूस या पृथ्वीवर एकच आहे, आणि चोआ चू कांग या परदेशी उपनगरात मी त्याच्याच फ्लॅटमध्ये भाड्याने राहत होते. आमचे घरमालक काका जहाजावर चीफ इंजिनिअर. तरुणपणी अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरात त्यांच्या कानावर कंट्री संगीत पडलं आणि ते कायमचे बिघडले. तेव्हापासून इंग्रजीत गाणी: गुरं राखणारे, ट्रकवाले, सोडून गेलेल्या बायका. "मी इथे पोळ्या लाटतेय, आणि हे माझ्या निघून जाण्यावर सातवं गाणं लिहितायत!" असं काकू येईल त्याला सांगत. गाणी लिहायची तीही इंजिनच्या नोंदवहीच्या शिस्तीत. मी स्वतः वाचलंय: "सव्वाआठ. घोडा वारला. नायक गातो आहे. तापमान ठीक."

हार्बरफ्रंटच्या एका हॉटेलात शनिवारी दुपारी एक फिलिपिनो बँड त्यांची दोन गाणी वाजवायचा. काकांची कारकीर्द एवढीच. पण त्यातलं एक गाणं परदेशातल्या एका कंपनीला आवडलं. त्यांचा नामांकित गायक ते गाणार होता. अट एकच, गीतकार म्हणूनही नाव त्या गायकाचंच लागणार. मी कामगारांच्या मोर्चात पत्रकं वाटत वाढलेली मुलगी. माझं डोकंच फिरलं. "काका, ही श्रमाची चोरी आहे!"

"अगं, जहाज कोण चालवतंय हे बोटीवरच्या माणसांना कुठे ठाऊक असतं? गाणं जगभर फिरेल ना?" म्हणत त्यांनी कराराच्या तिन्ही प्रतींवर सही ठोकली. घरात सबंध आठवडा कुणी गुणगुणलं नाही.

मग कंपनीचं पत्र आलं: ही सही चालणार नाही. झालं होतं असं, की जहाजावर तेल भरून घेतलं की चीफ इंजिनिअर सहीखाली लिहितो, 'फक्त पोहोच'. म्हणजे माल मिळाला, बाकी काहीही कबूल नाही. तीस वर्षांच्या सवयीने काकांनी करारावरही तेच लिहून ठेवलं होतं. तिन्ही प्रतींवर!

"आता नीट सही करणार?" मी विचारलं.

काकांनी आपल्या उजव्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. "या हाताने मला कधी बुडू दिलं नाही. त्याचंच ऐकतो."

हुश्श! काकूंनी डोळे पुसले आणि माझ्या, रात्रभर जागून लिहिलेल्या चार पानी निषेधपत्रावर गरम पातेलं ठेवलं. पुढच्या शनिवारी बँडवाल्याने गीतकार म्हणून काकांकडे बोट दाखवलं, तर हे टेबलाखाली चमचा शोधत बसले.

निवृत्त होऊन ते रत्नागिरीला परतले, तेव्हा गाण्यांची नोंदवही माझ्या हाती देऊन म्हणाले, "सांभाळ. इथे सही कर."

मी सही केली. आणि त्यांनी न सांगताच मीही खाली लिहिलं: फक्त पोहोच.