दुसऱ्या बेसवरची लक्ष्मी

आमचं ह्ये, म्हंजी गावाचं भाऊसो, मिलिटरीतनं रिटायर होऊन आटपाडीला आलं, पन तोंडाला काय रिटायरमेंट न्हाई. भाजीत मीठ कमी पडलं, वरडा. जावयानं गाडी वाकडी लावली, वरडा. पुतनीच्या लग्नात तर भर मांडवात भटजीला म्हनलं, "मंत्र गाळला तुमी!" माजा जीव नुसता कावून गेला बघा.

पलटनीत शिकलेला बेसबॉल कामी आला आनी ह्ये गावात अंपायर झालं. मैदानावर मातूर तोंडाला कुलूप! त्या खेळाचा कायदाच तसा हाय. चेंडू हानला की पळनारीनं मैदानात मांडलेल्या सगळ्या बेसला शिवून यायचं, तवा एक रन. एखादा चुकला, तर अंपायरनं बघायचं, पन बोलायचं न्हाई. समोरच्यांनी चेंडू घिऊन त्या बेसला शिवून इचारलं, तरच आऊट. न्हाई इचारलं, तर रन पक्की. मी म्हनायची, देवा, ह्यो कायदा आमच्या घरात कवा लागू व्हायचा?

परवा विट्याच्या पोरींसंगं फायनल हुती. जिंकनारी टीम पुण्याला खेळाय जानार. आमची नात दीपमाला त्या पायी वरीसभर राबली हुती. दुसरा बेस फाटलेला, म्हनून मीच पेंडीच्या पोत्याची पिशवी शिवून वाळू भरून दिली. पोत्यावरचं लक्ष्मीचं चित्र वरच्या अंगाला आलं, ते माज्या ध्यानातच न्हाई.

सामना बरोबरीत. दीपमालानं चेंडू असा हानला की पार बाभळीत! पळत दुसऱ्या बेसपाशी आली, खाली बघितलं, आनी टुनकन उडी मारून पल्याड. तवा माज्या ध्यानात आलं, पिशवीवर लक्ष्मी हाय! आमच्यात देवाला पाय लावत न्हाईत. रन पुरी करून आली, टीम नाचाय लागली. ह्ये गप. मिशी तेवढी थरथरत हुती. विट्याच्या पोरी मैदानात रडत उभ्या, कुनाला कायबी कळलं नव्हतं.

आनी माजं मेलीचं तोंड! ऊर भरून आला, उठून वरडले, "गुनाची गं माजी बाय! लक्ष्मीवर पाय न्हाई दिलास!"

विट्याची कॅप्टन संयोगिता लय हुशार. चेंडू घिऊन दुसऱ्या बेसकडं पळाली. तिलाबी पाय ठिववंना. वाकून हातानं शिवली, हात कपाळाला लावला आनी म्हनाली, "अंपायर, हिनं ह्यो बेस चुकवलाय."

ह्यांनी मूठ वर केली. "आऊट!"

पुढच्या डावात विट्यानं सामना मारला.

सांजच्याला जेवाय बसलो. पोरीचं डोळं रडून लाल. मी अजून ताटाला हात लावला नव्हता. आता ह्ये मला फाडून खानार, असं वाटलं, तर ह्ये मुकाट जेवत हुतं. त्येचंच मला लय भ्या वाटाय लागलं. शेवटी मीच म्हनले, "आवं, शिव्या तरी द्या. चूक माजीच न्हवं?"

"तुजीच," ह्ये म्हनलं. मग दीपमालाच्या डोक्यावर हात ठिवला. "देवीला पाय न्हाई लावलास, बरं केलंस. पन हात लावून पाया पडली असतीस, तर बेसबी शिवला असता आनी रनबी पक्की."

पोरगी आ वासून बघत ऱ्हायली आनी रडता रडता हसाय लागली. माजा जीव भांड्यात पडला. तवा कुटं मी भाजीचा घास घेतला. मिठाचा कन न्हाई!

"आवं, निम्मं ताट झालं की! सांगितलं का न्हाई?"

"कुनी इचारलं हुतं?"